मोज्याच्या आतली शेपटी : ट्रिमिंगच्या कामाच्या नोंदी

३ फेब्रुवारी

परत आलेला लॉट आज फोडला. तान्ह्या बाळांचे मोजे, पट्ट्यापट्ट्यांचे, बाहेरून एकदम देखणे आणि उलटा केला की आत नुसतं जंगल. ऑर्डरच्या कागदावर स्वच्छ लिहिलं होतं की आतला सुटा धागा १० मिमीच्या वर चालणार नाही, आणि मी पहिलाच मोजा उलटून पट्टी लावली तर २३. दुसरा १७. तिसऱ्यात एक शेपटी (रंग बदलताना आतल्या बाजूला धाग्याचं जे सुटं टोक राहतं त्याला आम्ही शेपटीच म्हणतो) पार बोटांच्या जागेपर्यंत आलेली.

मोठ्या माणसाच्या मोज्यात असं असलं तर फार फार तर अंगठ्याचं नख अडकतं, तो वैतागून धागा तोडतो आणि विषय संपतो. बाळाचं तसं नाही. केस किंवा धागा बाळाच्या बोटाभोवती आवळला गेला की पुढचं रक्त अडतं, बोट सुजतं, सुजलं की धागा अजून रुततो, आणि बाळ नुसतं रडत राहतं, मोजा काढून बघेपर्यंत कुणाच्या लक्षात येत नाही. डॉक्टर लोकांत याला नावच आहे, हेअर टूर्निके. त्यामुळे माल परत आला म्हणून चिडण्यासारखं काही नाही, चूक आपलीच आहे.

मोजे विणायची मशीनं बारा, सगळी सिंगल सिलिंडर (सुया एकाच गोल नळकांड्यात उभ्या), ३ इंची, १०८ सुया. सध्या उपाय एकच चालू आहे, टेबलवर ताई लोक बसून प्रत्येक मोजा नळीवर उलटा करतात आणि छोट्या कात्रीने शेपट्या कापतात. घड्याळ लावून बघितलं, एका मोज्याला साधारण १८ सेकंद. एक मशीन १०० सेकंदाला एक मोजा टाकतं, म्हणजे आठ तासात २८८, बाराची बेरीज ३४५६, आणि गुणिले १८ केलं तर सतरा तासांच्या वर नुसतं कात्रीचं काम. एका शिफ्टला दोन माणसं पूर्ण वेळ, तरी उरतंच. आणि माणसाच्या हाताने सुटतं ते सुटतंच, हा परत आलेला लॉट कात्रीखालून गेलेलाच होता.

तर ठरवलं की मशीनवरच नीट कापलं जायला पाहिजे. रोज लिहून ठेवणार.

४ फेब्रुवारी

प्रत्येक मशीनचे २० मोजे, एकूण २४०, उलटे करून प्रत्येकातली सगळ्यात लांब शेपटी मोजली. सकाळी नऊपासून दुपारी तीनपर्यंत मान मोडून बसलो. आकडे इतके चांगले आले की मलाच शंका आली. मग कळलं, मी मोजे ज्या क्रेटमधून उचलले ते ताईंनी आधीच कापून ठेवलेले. म्हणजे मी सहा तास मशीनचं नाही, ताईंच्या कात्रीचं काम मोजत होतो. कुणाला सांगितलं नाही.

५ फेब्रुवारी

परत. यावेळी मशीनच्या तोंडातून पडलेला मोजा थेट पिशवीत, पिशवीवर नंबर.

१, २, ४, ५, ६, ८, १०, १२ या मशीनांवर ७ ते ९ मिमी, क्वचित १०. घोळ चारच मशीनांचा आहे, ३, ७, ९ आणि ११. पण चौघांचा घोळ सारखा नाही, आणि हे मला सरासरी काढली असती तर दिसलं नसतं. ३ नंबरच्या शेपट्या सगळ्या १४-१५, जणू कोणी मापून कापल्यात. ७ नंबरच्या १२ ते १९, आणि टोकं विस्कटलेली. ९ नंबरला ८ पण आहे आणि २४ पण आहे, एकाच मोज्यात. ११ तसंच, अजून वाईट.

भिंगाखाली टोकं बघितली, हे मजेशीर होतं. आतला नायलॉन ७० डेनियरचा (डेनियर म्हणजे धाग्याच्या जाडीचं माप), एका पदरात २४ तंतू, दोन पदर. नीट कापलेलं टोक म्हणजे ४८ तंतू एका रेषेत, नवीन ब्रशसारखे. ७ नंबरचं टोक म्हणजे वापरून वापरून फिसकारलेला टूथब्रश, काही तंतू लांब काही आखूड, आणि मोज्यात त्याच्या आधीचा टाका आवळलेला. हा धागा कापलेला नाहीच, ओढून तोडलाय.

७ फेब्रुवारी

७ नंबर उघडलं. नवीन पोरं विचारतात म्हणून रंग बदलताना आत काय होतं ते एकदा इथे लिहून टाकतो. जुन्या रंगाचा धागा ज्या फिंगरमधून (सुयांपर्यंत धागा नेणारा छोटा दांडा) येतो ते फिंगर वर उचललं जातं, नव्या रंगाचं खाली येतं, मधल्या काही सुया दोन्ही धागे एकदमच घेतात म्हणजे भोक पडत नाही. फिंगर वर गेल्यावर जुना धागा शेवटच्या सुईपासून तिरका वर निघून डायलकडे (सिलिंडरच्या वर बसलेला गोल भाग) येतो. तिथे सिलिंडरच्या बरोबरीने एक दातेरी चकती फिरत असते, सॉ. तिचा एखादा दात त्या धाग्याला पकडतो, ओढत नेतो, आणि बाजूला जे स्थिर पातं बसवलेलं असतं तिथे कात्रीसारखा कट होतो. कोनकडचं, म्हणजे धाग्याच्या रिळाकडचं टोक क्लॅम्पमध्ये (चिमट्यात) धरलेलं राहतं, पुढच्या वेळी फिंगर खाली आलं की तिथूनच सुरुवात. आणि मोज्याकडचं टोक म्हणजे आपली शेपटी. वरून सक्शन चालू असतं, ते धागा सॉवर उभा धरतं आणि कापलेलं तूस ओढून नेतं. हे सगळं २५० आरपीएमला (मिनिटाला २५० फेरे), म्हणजे एक फेरा ०.२४ सेकंदात, एका सुईच्या वाट्याला सव्वादोन मिलिसेकंद.

७ नंबरच्या सॉचे दात बोटाने चाचपले तर नुसते गुळगुळीत, दोन तर अर्धे उडालेले. बदललं. स्थिर पातं पण बदललं.

९ फेब्रुवारी

७ नंबर ८ मिमीवर आलं, टोकं स्वच्छ. झालं, सापडलं, असं म्हणत ३, ९ आणि ११ साठी पण सॉ आणि पाती मागवली. इथे मी मनातल्या मनात काम संपवलं होतं.

१२ फेब्रुवारी

पाती आली, तिन्ही मशीनांवर बसवली, अर्धा दिवस गेला, आणि फरक शून्य. ३ नंबर तेच १४-१५. ९ आणि ११ तेच नाचणं. उलट ११ ला मी नवीन भानगड करून ठेवली. नवीन पातं आहे तर नीट कापू दे म्हणून सॉवर जरा दाबूनच बसवलं. दोन तासांनी पांढऱ्या मोज्यांवर आतून राखाडी रेघा. पातं दाबून घासत होतं, दोन्हीची धातूची पूड तेलात मिसळून धाग्याला लागत होती. काका (आमचे जुने फिटर) आले, बोटाने पातं हलवून बघितलं आणि म्हणाले, "अरे, कात्री चालवताना तू दोन पाती एकमेकांवर ठोकतोस का?" पातं टेकलं पाहिजे, दाबलं नाही पाहिजे. सैल केलं, सॉ हाताने एक पूर्ण फेरा फिरवून सगळीकडे सारखं टेकतंय का बघितलं, एकच धागा हातात धरून कट करून बघितला. २६ मोजे बाद.

रात्री घरी डोक्यात चालूच. धागा कापला जातोय, स्वच्छ कापला जातोय, मग लांब का? आणि मग लक्षात आलं की मी उलट्या बाजूने विचार करत होतो. पातं एका जागी उभं आहे. शेवटची सुई आणि सॉचा दात दोघंही बरोबरीने फिरतात. म्हणजे शेवटच्या सुईपासून कितव्या दाताने धागा पकडला, तिथेच लांबी ठरून गेली, पात्यापर्यंत पोचायच्या आधीच. पातं फक्त सही करतं. जवळच्या दाताने पकडलं तर शेपटी ८, चार दात चुकून पुढच्याने पकडलं तर शेपटी वीस. धार कितीही असू दे.

तर प्रश्न असा झाला की धागा दाताच्या तोंडात वेळेवर का जात नाहीये. ७ नंबर वेगळं होतं, तिथे दातच नव्हते.

१३ फेब्रुवारी

टेबलवरच्या ताई म्हणाल्या, "दादा, ९ नंबरचं सकाळी काही नसतं हो, दुपारनंतर चालू होतं त्याचं." मी हो हो म्हणून सोडून दिलं. मशीनला सकाळ दुपार कळत नाही असं काहीतरी बोललो पण. आता लिहिताना वाईट वाटतंय.

१४ फेब्रुवारी

तरी पण मनात राहिलं म्हणून केलं. ९ नंबरवरून दर अर्ध्या तासाला एक मोजा, त्यातल्या आठही रंगबदलांच्या शेपट्या मुळाशी कापून वहीत पारदर्शक टेपने चिकटवल्या, बाजूला वेळ. संध्याकाळी वही उघडली तर न मोजताच दिसतंय. सकाळी साडेसातच्या ओळीत आठ बारीक काड्या सारख्या उंचीच्या, अकरापर्यंत तेच, मग एखादी डोकं वर काढते, दोनच्या ओळीत चार लांब, साडेतीनच्या ओळीत फक्त दोन धड. आणि मग चार वाजता परत सगळ्या आखूड.

चार वाजता काय होतं? दुसऱ्या शिफ्टचा पोऱ्या येतो आणि सक्शनच्या फिल्टरची जाळी झटकतो.

ताईंना वही दाखवली. त्या हसल्या फक्त.

१६ फेब्रुवारी

सक्शन मोजायला मीटर नाही. पारदर्शक नळी घेतली, लाकडी पट्टीवर यू आकारात ठोकली, अर्धी पाणी भरली, पाण्यात थोडा रंग टाकला म्हणजे दिसेल, एक टोक उघडं आणि दुसरं सॉच्या वरच्या सक्शन पाइपात टी लावून जोडलं. दोन बाजूंच्या पाण्यातला फरक मोजायचा, बस.

फिल्टर झटकल्यावर लगेच, १ नंबरवर ३४ सेंमी. ९ वर २९. ११ वर २४. आणि मशीन चालू ठेवून साडेतीनला परत मोजलं तेव्हा १ वर २७, ९ वर १८, ११ वर १३. ब्लोअर एका कोपऱ्यात आहे, १ नंबर त्याच्या शेजारी आणि ११-१२ पाइपच्या शेवटाला. जाळीवर तूस साचलं की सगळ्यांचीच ओढ कमी होते पण जवळच्यांना तेवढं पुरतं, लांबच्यांना नाही. कॉटन आहे, तूस पडणारच, दिवसभरात जाळीवर बोटभर जाड गादी तयार होते, हाताने सोलली तर अख्खी चादर निघते.

ओढ कमी झाली की धागा ताठ उभा न राहता सॉवर लोळतो, आणि मग कुठला दात त्याला उचलेल ते त्याच्या नशिबावर. म्हणून तर ९ आणि ११ चे आकडे नाचत होते. ३ चे नाचत नाहीत, म्हणजे ३ चं कारण वेगळं आहे हे आज पक्कं झालं.

एक कोडं राहिलं. १२ तर ११ च्या पण पुढे आहे, मग १२ चांगलं कसं? नळी लावली तर १२ वर २५, दुपारी २०. म्हणजे ११ वर स्वतःची वेगळी गळती पाहिजे.

१७ फेब्रुवारी

सापडली. ११ च्या पाइपला कोपऱ्यात जोड आहे, त्यावर कधीतरी कोणीतरी टेप गुंडाळलेली, ती तेलाने सुटून फडफडत होती. कानाजवळ नेलं तर शिट्टीसारखा बारीक आवाज, पण बारा मशीनांच्या गोंगाटात कोणाला ऐकू येणार. टेप काढून रबरी बाही आणि क्लिप बसवली. ११ वर साफ फिल्टरला २८.

फिल्टर आता दर दोन तासांनी झटकायचा, ब्लोअरजवळ कागद लावलाय, सही करायची. शिवाय पाण्याची नळी ११ वर कायमची टांगली आणि २२ सेंमीवर लाल रेघ मारली, पाणी रेघेच्या खाली आलं की वेळ बघत बसू नका, झटका. नळी लावल्यापासून पोरं येता जाता बघतात, कागदापेक्षा ती जास्त चालते.

१८ फेब्रुवारी

आज उलटंच. सगळं घट्ट बंद केल्यामुळे ओढ वाढली आणि ५ नंबर सकाळपासून चार वेळा थांबलं. पट्टी सुरू होते तिथे पहिल्या पाच-सात सुयांना धागाच नाही, भोक. बघितलं तर सक्शन इतकं जोरात की क्लॅम्पमध्ये धरून ठेवलेलं कोनकडचं टोक हळूहळू ओढून नेतंय, आणि फिंगर खाली आलं तेव्हा धरायला टोकच नाही. ५ चा क्लॅम्प थोडा झिजलेला होता म्हणून तिथे आधी दिसलं. पाइपातली झडप अर्धी बंद करून २६ वर आणलं, क्लॅम्पची पत्ती साफ केली, खाली तुसाचा एक कण अडकला तरी पकड जाते.

शेपटी आखूड करायच्या नादात भोकं पाडली तर काय उपयोग. फार आखूड शेपटी पण नकोच, ५ मिमीच्या खाली गेली की दोन धुण्यात टोक टाक्यातून सुटून बाहेर येतं. ७ ते ९ धरून चाललोय.

२० फेब्रुवारी

आता ३ नंबर. फोनवर स्लो मोशन शूट केलं, सेकंदाला २४० फ्रेम. पहिले तीन व्हिडिओ फुकट गेले कारण वरचे दिवे लुकलुकतात आणि स्लो मध्ये सगळं उघडझाप होतं, मग बॅटरीवरचा टॉर्च लावला. २५० आरपीएमला एका फ्रेममध्ये जवळजवळ दोन सुया सरकतात, फार बारीक नाही पण पुरतं.

तुलनेला ४ नंबरचा व्हिडिओ. ४ चं फिंगर हुकूम मिळाल्यावर टुणकन वर. ३ चं फिंगर निघतं, मधे क्षणभर रेंगाळतं, मग वर. बरोबर एक फ्रेम उशीर, कधी दीड. एक फ्रेम म्हणजे ४ मिलिसेकंदांपेक्षा थोडं जास्त.

इतकुशा उशिराने काय होणार असं वाटेल म्हणून हिशोब मांडला. ३ इंची सिलिंडरचा परीघ २३९ मिमी. २५० आरपीएमला सुया मिलिसेकंदाला जवळपास बरोबर १ मिमी धावतात, ३०० ला १.२. म्हणजे फिंगर ४ मिलिसेकंद उशिरा उठलं की शेपटी सरळ ४ ते ५ मिमी वाढली. आणि ३ नंबरचा स्पीड बघितला तर ३००. बाकी सगळी २५० वर. कोणी वाढवला ते कोणी कबूल करत नाही, प्रॉडक्शन कमी पडत होतं तेव्हाची गोष्ट असणार.

नेहमीचे ८, त्यावर उशिराचे ५, वर स्पीडचा दीडेक मिमी. १४-१५. भिंत बांधताना ओळंबा जुळला की जसं वाटतं तसं वाटलं.

२१ फेब्रुवारी

फिंगरची खीळ काढली. तेल आणि तूस मिळून मेणासारखा चिकट थर, नखाने खरवडला तर वळकट्या निघाल्या. धुतलं, हलकं तेल, परत जाणारी स्प्रिंग पण बदलली कारण जुनी नवीच्या शेजारी ठेवली तर एक वेढाभर लांब झालेली. व्हिडिओत आता ४ सारखंच उठतं. ३०० वर शेपटी १० मिमी, कधी ११.

स्पीड २५० करा म्हणलं तर वरून "नाही" असं उत्तर आलं. मग मधला रस्ता, प्रोग्रॅममध्ये फक्त रंगबदलाच्या जागी तीन-तीन फेरे २५० ने, बाकी ३०० ने. आठ रंगबदल, चोवीस फेरे, प्रत्येक फेऱ्याला ०.०४ सेकंद जास्त, म्हणजे अख्ख्या मोज्यामागे १ सेकंदसुद्धा नाही. आणि कात्रीचे १८ सेकंद वाचतात. हे गणित कागदावर लिहून दाखवलं तेव्हा लगेच हो आलं. ३ नंबर आता ८-९.

काका बाजूला उभे राहून व्हिडिओ बघत होते. म्हणाले ते शिकले तेव्हा उस्तादाने कान लावून ऐकायला शिकवलं होतं, फिंगर उशिरा उठलं की टिक ऐवजी टिकट वाजतं म्हणे. मी ३ नंबरच्या जुन्या व्हिडिओचा आवाज लावला तर खरंच टिकट. दोन आठवडे मशीन माझ्यासमोर सांगत होतं.

२२ फेब्रुवारी

मशीनं बंद, साफसफाई. विल्यम लीने १५८९ मध्ये विणकामाची पहिली फ्रेम केली, तिच्यावर मोजा सपाट विणून मागून शिवायचे, गोल नाहीच. आणि ही आपली लॅचवाली सुई (आकड्याचं तोंड उघडमीट करणारी छोटी पत्ती असलेली), जिच्याशिवाय एक मशीन हलणार नाही, तिचं पेटंट मॅथ्यू टाउन्सेंडचं, १८४९ चं. सुई तीच आहे अजून. आपण मात्र टोक कसं कापावं यावर तीन आठवडे घालवले.

२४ फेब्रुवारी

वेल्टचं (मोज्याच्या वरच्या घट्ट पट्टीचं) इलॅस्टिक राहिलं होतं. रबराच्या धाग्याला हे सगळं जसंच्या तसं लागू होत नाही, ते ताणलेलं असताना कापलं जातं आणि कापल्या कापल्या आखडतं, त्यामुळे मोज्याकडची शेपटी आपोआप आत ओढली जाते, तिथे लांबीचा त्रास नाही. त्रास दुसऱ्या टोकाला, क्लॅम्पमधून सटकून मागे फीडरच्या डोळ्याबाहेरच निघून जातं आणि वेल्ट ढिली पडते. ६ नंबरवर दोनदा झालं. इलॅस्टिकच्या क्लॅम्पची स्प्रिंग कडक केली, ताण थोडा कमी केला. वेल्टची पकड मोजून बघितली, फरक नाही.

आणखी एक, दुपारी हवा कोरडी झाली की नायलॉनच्या शेपट्या डायलच्या टोपीला चिकटून बसतात, स्टॅटिक. १० नंबरवर दिसलं. ह्युमिडिफायर दुपारी बंद ठेवायची सवय होती, ती मोडली.

२७ फेब्रुवारी

परत २४०, परत मशीनच्या तोंडातून थेट पिशवीत, यावेळी ताईंना बरोबर बसवलं, त्या उलटणार मी मोजणार. दोन तासात झालं कारण त्यांचा हात माझ्या तिप्पट चालतो.

२४० पैकी १० मिमीच्या वर ६. चार ११ नंबरचे, एक ९ चा, एक ३ चा. सगळ्यात लांब १३. टोकं सगळी स्वच्छ, एक ७ नंबरचं सोडून, त्याच्यावर लक्ष ठेवायचं. कात्री बंद केलेली नाही आणि करणार पण नाही, बाळाचा माल आहे, प्रत्येक मोजा उलटून बघितला जाणारच. पण आता बहुतेक मोज्यांना बघून पुढे टाकायचं, १८ सेकंदाचे ५-६ झालेत. सुटलेली एक ताई पॅकिंगला गेली.

११ चं राहिलेलं काम पाइपचं आहे. कोपऱ्यातला काटकोनी जोड काढून मोठा वळणाचा पाइप टाकायचाय, त्यासाठी अख्खी लाइन बंद करावी लागेल, पुढच्या सुट्टीत. तोपर्यंत ११ वर एकरंगी माल लावलाय, रंगबदल नाही तर शेपटी नाही.

वहीतलं १४ तारखेचं पान ताईंनी मागून घेतलं, टेबलच्या वर भिंतीला लावलंय. माझं भिंग पण तिकडेच गेलंय, परत मिळेल असं दिसत नाही.